काही सापडलं नाही

गच्चीची किल्ली मागायला आलेल्या माणसाला धाकट्या वैद्यबाईंनी जीभ बाहेर काढायला लावली, आणि गंमत म्हणजे त्याने ती काढलीसुद्धा.

त्याचं झालं असं... दुपारची वेळ होती. दवाखान्यातला शेवटचा रुग्ण नुकताच जिना उतरून गेला होता. मोठे वैद्य, म्हणजे तिचे वडील, आतल्या खोलीत आडवे झाले होते. अख्खी वस्ती त्यांना आप्पा म्हणायची. ती मान खाली घालून खलातलं चूर्ण कागदावर काढत बसली होती. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

“बसा,” वर न बघताच ती म्हणाली. “हात.”

“अं? मी –”

“उजवा.”

तो बसला. तिने त्याच्या मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

“जेवणाच्या वेळा?”

“मिळेल तेव्हा.”

“चहा?”

“मिळेल तितका.”

“झोप?”

“ती मात्र... मिळत नाही.”

“जीभ दाखवा.”

मग त्याने आज्ञाधारकपणे जीभ दाखवली. तिने आता कुठे त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, उन्हाने लालबुंद झालेला, खांद्याला काचेच्या बाटल्यांची पिशवी, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू.

“पित्त,” ती म्हणाली. “चांगलंच वाढलंय. छातीत जळजळ होते, दुपारी डोकं चढतं, चटकन चिडता. आणि बोलता फार.”

“एवढं सगळं नाडीत कळतं?”

“शेवटचं कानांनी कळलं.”

आता मात्र त्याला हसू आवरेना. “वैद्यबाई, एकूण एक खरं आहे. पण मी गच्चीची किल्ली मागायला आलो होतो. टाकीतल्या पाण्याचा नमुना हवाय. प्रयोगशाळेतून आलोय मी.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मग जीभ कशाला काढलीत?”

“तुम्ही इतक्या हक्काने सांगितलंत... नाही म्हणायचं सुचलंच नाही.”

तिने किल्ली दिली. सोबत चूर्णाची एक पुडीही दिली, हातात कोंबल्यासारखी. तो गेल्यावर ती बराच वेळ तोच खल पुसत राहिली.

त्या टाकीच्या पाण्यात असं काय होतं कोण जाणे, पण त्याचा नमुना दर आठवड्याला न्यावा लागू लागला. तो यायचा, किल्ली मागायचा, आणि किल्लीआधी हात पुढे करायचा. तिने त्याचं नाव ‘पित्तराव’ ठेवून दिलं. तो वैद्यबाईच म्हणायचा, पण असं म्हणायचा की बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याही तोंडाला पदर लावून हसायच्या.

“तुमचं औषध भयंकर कडू आहे.”

“तुमच्यासाठी मुद्दाम कडू दिलंय. पित्ताला कडूच लागतं.”

“आणि समोरच्या आजोबांना तर गोड चाटण दिलंत!”

“ते काटकुळे, सुकलेले. त्यांची प्रकृती वाताची. तुम्हाला तेच दिलं तर सुस्त होऊन पडाल.”

“म्हणजे दुखणं एक आणि औषधं दोन?”

“दुखणं एक असेल हो, पण माणसं दोन आहेत ना.”

बाटल्या, यंत्रं आणि आकडे यांच्यात दिवस काढणारा माणूस तो. पाण्यात, रंगात, धान्यात कुठला धातू किती उतरलाय हे शोधायचं त्याचं काम. त्याच्या मते जे मोजता येत नाही ते नसतंच. तिचं म्हणणं, मोजावं जरूर, पण आधी माणसाकडे बघावं. ती काही जुन्याला कवटाळून बसलेली नव्हती. रीतसर महाविद्यालयात शिकली होती, शवविच्छेदन केलं होतं, ताप उतरला नाही की रक्त तपासायला पाठवत होती. पण रुग्ण समोर बसला की ती आधी विचारायची – भूक लागते का? झोप लागते का? कुणावर रागावलाहात का?

“रागाचा आणि पोटाचा काय संबंध?” त्याने एकदा विचारलं.

“पोटात अग्नी असतो असं समजा. चूल समजा. भुकेच्या वेळी खाल्लं, मन शांत ठेवून खाल्लं की तो नीट पेटतो. चिडून, घाईत, भलत्या वेळी कोंबलं की नुसता धूर.”

“आणि वैद्यबाईंचा विचार करत करत खाल्लं तर?”

ती खलात बघत राहिली. “...मग ठसका लागतो.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. बहुतेक गच्चीवरच झालं असावं. तिथे ती चादरींवर मुळ्या आणि पानं वाळत घालायची, आणि तो टाकीच्या सावलीत उभा राहून एका बाटलीचं बूच लावायला अर्धा तास घ्यायचा.

आप्पांना हे सगळं दिसत होतं. ते काही बोलत नव्हते, पण पित्तराव आले की ते आत जाऊन हमखास झोपायचे.

आप्पांचं नाव होतं ते त्यांच्या सांधेदुखीच्या गोळीमुळे. नुसत्या झाडपाल्याची गोळी, वडिलांकडून आलेली. मागच्या खोलीत दार लावून ते ती स्वतः वळायचे. मुलगी मदतीला आली की म्हणायचे, “माझ्यामागे तुझंच आहे सगळं, घाई काय?” अलीकडे तर त्या गोळीचा गुण फारच लवकर यायला लागला होता. आठ-आठ वर्षं गुडघे धरून बसलेली माणसं पंधरा दिवसांत जिना चढून आभार मानायला येत.

शिवणकाकू त्यातल्याच. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, दिवसभर शिलाई मशीनवर. खांदे आणि गुडघे कामातून गेले होते. गोळीने त्यांना इतकं बरं वाटलं की त्या भेटेल त्याला सांगत सुटल्या. जिने चढायचा त्रास नको म्हणून धाकट्या वैद्यबाईंनी त्यांना गोळ्यांचा मोठा डबाच भरून दिला. आई गेल्यापासून तिचे कपडे काकूच शिवायच्या, ते ऋण कुठेतरी मनात होतं.

काही महिन्यांनी काकूंच्या पोटात मुरडा यायला लागला. शौचाला होईना. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तिने वाताचं समजून उपाय केले, तेल दिलं, काढे दिले. फरक पडेना. एक दिवस काकू बोलता बोलता जांभई द्यायला लागल्या आणि तिला त्यांच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या कडेने एक निळसर काळी रेघ.

विषांच्या तासाला ही रेघ तिने चित्रात पाहिली होती. शिसं अंगात भिनलं की उमटते ती.

काकूंच्या घरात शिसं असणारा जुना रंग नव्हता, नळही नवे होते. बाहेरून त्यांच्या पोटात एकच गोष्ट रोज जात होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तिने त्याच्या हातात कागदात गुंडाळलेल्या चार गोळ्या ठेवल्या.

“यात शिसं नाही ना, एवढं बघ.”

“आप्पांच्या गोळ्या? अगं, यात तर नुसता झाडपाला –”

“माहितीये. म्हणूनच बघ. आप्पांना बोलू नकोस. माझी शंका खोटी निघाली तर त्यांना काय वाटेल? आणि उत्तर येईपर्यंत मला काही विचारू नकोस.”

“मी काय विचारणार होतो?”

“जे विचारायला तू इतके दिवस स्वच्छ पाणी तपासतोयस.”

तो हसला नाही. त्याने कागद खिशात ठेवला, आणि जाताना तिच्या बोटांना लागलेली हळदीसारखी पिवळी पूड आपल्या रुमालाने हलकेच पुसली. बस, एवढंच. पण तो आठवडा तिला त्या रुमालाच्या स्पर्शावर काढावा लागला.

तो आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. गच्चीवर वारा सुटला, थेंब टपटपायला लागले, आणि ती एकटीच चादरी गोळा करत धावत होती. त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून चादर दुमडली. दुमडता दुमडता जवळ आली. पानांचा ओला, तुरट वास. तिच्या कपाळावर चिकटलेले केस.

“सांग ना,” ती म्हणाली.

त्याने चादरीकडे पाहिलं. “काही सापडलं नाही.”

“खरंच?”

“अगदी स्वच्छ.”

तिने डोळे मिटले. छातीवरचा दगड उतरला की माणसाला हसू येतं की रडू, हे तिला त्या दिवशी कळलं – दोन्ही येतं. “मग विचार आता,” ती म्हणाली.

“आता? पावसात?”

“आत्ता.”

“...माझ्याशी लग्न करशील?”

“हो,” ती म्हणाली. “हो, हो. किती वेळ लावलास!”

त्या संध्याकाळी ती काकूंकडे गेली. त्यांना सांगितलं, काकू, गोळीत काही वावगं नाही, मी तपासून घेतलंय. वातच फार वाढलाय. एकेक घेत होतात ना? आता दोन-दोन घ्या, सकाळ-संध्याकाळ. काकूंनी तिचा हात थोपटला आणि तिचा चेहरा बघून विचारलं, “आज इतकी कशाने फुललीयेस गं?”

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. आप्पा बदलल्यासारखे वाटत होते. मागच्या खोलीचं दार ते आता उघडं ठेवायचे, तिला शेजारी बसवून गोळ्या वळायला शिकवायचे, मधेच थांबून तिच्याकडे बघत राहायचे. लेक जाणार म्हणून हळवे झालेत, असं तिला वाटलं. तिने त्याला ते सांगितलंही. तो म्हणाला, “असेल.” आणि विषय बदलला.

मग एका सकाळी काकूंची शेजारीण धावत आली. काकू मशीनवर बसल्या होत्या, कापड पुढे सरकवायला उजवा हात उचलला, आणि तो मनगटातून लटकला तो वर येईचना.

रुग्णालयातली डॉक्टर तुटक बोलणारी, पण कामात चोख होती. रक्त तपासून आल्यावर तिने धाकट्या वैद्यबाईंना बाजूला घेतलं.

“शिसं आहे. खूप. काय घेत होत्या या?”

“माझ्याकडची गोळी. पण ती तपासलेली आहे.”

“कोणी तपासली?”

तिने त्याच्या प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता.

“काकूंच्या घरून डबा आणा,” डॉक्टर म्हणाली. “आम्हीही बघतो.”

त्या गोळीत काय निघालं, हे वेगळं सांगायला नको.

ती सरळ त्याच्याकडे गेली. पांढरा कोट घालून तो यंत्रासमोर उभा होता. तिला बघून आधी हसला, मग तिचा चेहरा बघून हसू विरलं.

“यंत्र चुकलं असेल ना?” ती म्हणाली. “चुकतं कधीकधी. किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. असंच काहीतरी झालं असेल ना रे?”

त्याने ‘हो’ म्हणावं म्हणून ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

“यंत्र चुकलं नव्हतं,” तो म्हणाला.

तिने भिंतीला हात टेकवला.

“मी आधी आप्पांकडे गेलो,” तो घाईघाईने बोलायला लागला. “म्हटलं, काही खुलासा असेल. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. रडले गं ते. शिशाचं भस्म चिमूटभर घालत होतो म्हणाले, बाहेरून विकत घेतलेलं. आजपासून बंद करतो, बरणी रिकामी करतो, फक्त तिला सांगू नका. तिच्या नजरेतून उतरलो तर मी जगायचा नाही... आणि त्यांनी बंद केलं! मी नंतर बरणीतली गोळी पुन्हा तपासली, स्वच्छ होती. मला वाटलं, झालं, मिटलं. कशाला तुला –”

“काकूंच्या घरी डबा होता.”

तो थांबला.

“मीच भरून दिलेला. तुला माहीत नव्हतं, कारण तू मला विचारलंच नाहीस. दोघांनी मिळून ठरवून टाकलंत, मला काय झेपेल आणि काय नाही.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खोल खोल जात होता. “तू ‘काही नाही’ म्हणालास त्या संध्याकाळी मी त्यांचा डोस दुप्पट केला. तुझ्या शब्दावर.”

तो मागच्या स्टुलावर बसला.

घरी आप्पा तिची वाट बघत होते. काकूंची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“लोकांना धीर राहिला नाही, पोरी,” ते म्हणाले. “चार दिवसांत गुण आला नाही तर उठून दुसरीकडे जातात. पूर्वी सांगायचो, तीन महिने घ्या, पथ्य पाळा. ऐकायचे. आता हसतात. भस्माने झटकन उतार पडायचा... वाटलं, चिमूटभराने काय होतं.”

“तुम्हीच शिकवलंत मला आप्पा. नीट न मारलेला, कच्चा राहिलेला धातू म्हणजे विष. पाण्यावर तरंगेपर्यंत, बोटांच्या रेघांत शिरेपर्यंत घोटायचा, परत परत भट्टीत घालायचा. आणि तुम्ही बाजारातून पुडी आणलीत?”

“हात चालत नाहीत आता.”

“मग मला सांगायचं होतं.”

आप्पांनी मान खाली घातली. त्यांचा तो वाकलेला, पांढरा, कापरा माथा तिने इतक्या वरून कधी पाहिला नव्हता. तिला राग हवा होता, आणि आली ती नुसती कीव. ते जास्त वाईट होतं.

डॉक्टरला तिने सगळं सांगितलं. मागच्या खोलीला सरकारी कुलूप लागलं. मग ती घरोघरी गेली. ज्यांना ज्यांना गोळी दिली होती त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, यात शिसं होतं, परत द्या, रक्त तपासून घ्या. कुणी शिव्या दिल्या. कुणी दार लावून घेतलं. एका आजींनी तर गोळ्या द्यायलाच नकार दिला. म्हणाल्या, याच्यानेच माझे गुडघे चालतात, तू कोण मला अडवणारी! तिने त्यांच्या मुलाला गाठून डबा काढून घेतला.

रुग्णालयात काकूंच्या अंगातलं शिसं ओढून काढणारी इंजेक्शनं सुरू होती. पोट निवळलं. चेहऱ्यावर थोडं रक्त दिसायला लागलं. हात मात्र तसाच, पांघरुणावर ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या वस्तूसारखा. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाली, पण पूर्वीसारखा येईलच असं नाही.

तिने काकूंचे पाय धरले. काकू रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्या छताकडे बघत एवढंच म्हणाल्या, “तू सांगितलंस म्हणून घेतल्या गं मी. नाहीतर पोट दुखतंय म्हणून सोडणारच होते.”

दवाखाना तिने बंद केला नाही. बाकावर आता दोघं-तिघंच असायची. ती त्यांना सांगायची, सावकाश बरं वाटेल, आणि कशात काय घातलंय ते त्यांच्या देखत दाखवायची. बरेचजण ऐकून घ्यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

आणि एका संध्याकाळी तो आला. वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने आपण होऊन वरिष्ठांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे त्याला दूरच्या शाखेत पाठवत होते. तो दारातच उभा राहिला.

“मी माफी मागायला आलो नाही,” तो म्हणाला. “ती मागण्यासारखी गोष्ट नाही, कळतं मला. फक्त... मी तेव्हा तुझ्याकडे बघत होतो. दुसरं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू मला कायमची दुरावशील.”

तिने हातातला खल खाली ठेवला. मग म्हणाली, “काय झालं असतं सांगू? तू खरं सांगितलं असतंस तर मी रडले असते. आप्पांशी भांडले असते. आठ दिवस तुझं तोंड पाहिलं नसतं. आणि मग तुझ्याशी लग्न केलं असतं.”

त्याने दाराची चौकट घट्ट धरली.

“आणि आता?”

“आता तू म्हणालास ना, की आवडतेस – तरी मी मनात ते तपासत बसेन. जन्मभर. चहात साखर घातलीय म्हणालास तरी.”

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “हे तपासून बघ. कितीही वेळा.”

“माहितीये मला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “मलाही आवडतोस तू. म्हणून तर... जा ना. जा आता.”

तो गेला. जिना उतरताना मधेच पावलं थांबली. तिला कळत होतं, तो खाली उभा राहून तिच्या हाकेची वाट बघतोय. तिची हाक गळ्यापर्यंत आली होती. अगदी ओठांपर्यंत.

“कोण आलं होतं गं?” आप्पांनी आतून विचारलं. आवाज थकलेला, घाबरलेला. हल्ली कुणीही आलं की ते असंच विचारायचे.

“कुणी ना–”

ती थांबली. एक श्वास घेतला.

“तो आला होता, आप्पा,” ती म्हणाली. “मी परत पाठवला.”

खाली पावलं पुन्हा चालू लागली.